जुनं स्कुबा गिअर घेताय? आधी सिलिंडरचा खांदा बघा

तारकर्लीला किंवा हॅवलॉकला कोर्स झाला की लगेच स्वतःचं गिअर घ्यावंसं वाटतं, मग नव्याचे भाव बघून जीव दडपतो आणि आपण सेकंडहँड शोधायला लागतो. त्यात काही गैर नाही, माझा पहिला सेट पण जुनाच होता. फक्त "दोन वर्षांपूर्वी मस्त चालत होतं" एवढ्यावर विश्वास ठेवून पाण्यात उतरू नका प्लीज.

सगळ्यात आधी सिलिंडर. त्यात हवा भरतात साधारण 200 बारला, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट प्रेशर, आणि तो फुटतो बहुतेक वेळा भरताना, म्हणजे जीव जातो तो कंप्रेसरपाशी उभ्या असलेल्या माणसाचा, ज्याचा तुमच्या सौद्याशी काही संबंध पण नसतो. खांद्यावर, म्हणजे नळाखालच्या गोल उतारावर, ठोकलेले आकडे वाचा. शेवटच्या हायड्रो टेस्टचा (पाणी भरून जास्त दाबाने केलेल्या तपासणीचा) महिना-वर्ष तिथेच असतो, 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा टेस्ट झाल्याशिवाय भरायचा नाही. आतून तपासणी दरवर्षी. अमेरिकेत असाल आणि कुणाच्या गॅरेजमधून ॲल्युमिनियमचा सिलिंडर घेत असाल तर जास्तच जपा, कारण 1988 च्या आधीचे तिथले बरेच सिलिंडर 6351 नावाच्या मिश्रधातूचे आहेत आणि त्यांच्या गळ्यात आट्यांपाशी हळूहळू चीर जाते जी बाहेरून दिसतच नाही. मी तर असला फुकट मिळाला तरी घेणार नाही. पुन्हा रंगवून भट्टीत भाजलेला पण नको, उष्णतेने ॲल्युमिनियम कमजोर होतं. भारतात टेस्ट पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मान्यता असलेल्या ठिकाणीच करा, पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरमधली हवा कमी दाबाने तोंडापर्यंत आणणाऱ्या भागाचं, थोडं वेगळं आहे, तो जुना असला तरी सर्व्हिस करून छान चालतो, अट एकच, त्याचे पार्ट अजून मिळायला हवेत. मॉडेलचं नाव घेऊन डाइव्ह शॉपला आधी फोन करा, सर्व्हिसच्या पार्टचं किट मिळत नसेल तर विषय संपला. फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा सिलिंडरला जोडतो तो भाग) तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर असतो, तो हिरवा पडला असेल तर खारं पाणी आत गेलंय, लालसर असेल तर स्टीलच्या सिलिंडरचा गंज आलाय. मग त्या तोंडावर डस्ट कॅप (झाकण) घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढा, काहीच यायला नको. येत असेल तर कुठेतरी गळतंय. होजवरची (हवेच्या नळीवरची) रबरी टोपी मागे सरकवून नक्की बघा, चिरा तिच्याखालीच लपलेल्या असतात. आणि हे सगळं ठीक निघालं तरी सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा, पुष्कळदा बेरीज नव्याच्या जवळ जाते.

बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जॅकेट) गच्च फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर गळतंय. त्यात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की हवा तिथल्या तिथे थांबायला हवी, ते मिठाने अडकलं तर तुम्ही सरळ वर फेकले जाता, आणि 10 मीटरवरून श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा दुप्पट होते.

मास्क, फिन्स, सूट बिनधास्त घ्या, फार तर पाणी शिरेल नाहीतर थंडी वाजेल. डाइव्ह कॉम्प्युटरच्या (पाण्यात खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) बॅटरीचं झाकण मात्र उघडून बघा, आत हिरवट-पांढरं दिसलं तर नको.

सर्व्हिस झाल्यावर पहिला डाइव्ह स्विमिंग पूलमध्ये, सोबत इन्स्ट्रक्टर घेऊन.