दहा बाय बाराच्या खोलीत बुकशेल्फ स्पीकर: दुकानात जाण्याआधीची तयारी

आधी टेप काढा, मॉडेलांची नावं नंतर. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा आणि ५६५ ला प्रत्येक मापाने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं, आणि त्या सुराला ती खोली स्वतःच घुमते. दहा फुटांना साधारण ५६, बारा फुटांना ४७, साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. पुण्यातल्या फ्लॅटमधली लहान खोली बऱ्याचदा याच मापाची असते. तिथे रुंदीचा आणि उंचीचा सूर जवळजवळ एकावर एक बसतात आणि ५५ ते ६० हर्ट्झच्या टापूत बास फुगतो. खोली चौरस असेल तर आणखी पंचाईत. हे तिन्ही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये ज्या दणक्याचं कौतुक होतं, तोच दणका घरी याच जागी गढूळ होतो.

मग आपल्याला किती खाली उतरायचं आहे ते ठरवा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर. गायन, सतार, सरोद, संतूर हेच ऐकणं असेल तर सव्वापाच इंची वूफरचा (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग), ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा स्पीकर पुरतो. चित्रपटसंगीत, जॅझ, बास गिटार जास्त ऐकत असाल तर साडेसहा इंचीचा विचार करा. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर लागते. त्यापुढे सबवूफर, म्हणजे फक्त बाससाठीची वेगळी पेटी, जोडायचा मोह इथे टाळावा. खोलीला तो झेपत नाही आणि स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाणारा बास कोणत्याही पडद्याने अडत नाही.

लहान जागेला लहान पेटी शोभते, ही समजूत जुनी आणि पारखलेली आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा स्पीकर बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेसाठी घडवला. जेमतेम फूटभर उंच, चारी बाजूंनी बंद पेटी. माणसाचा आवाज माणसासारखा यावा, एवढ्यावर सगळा जोर. त्या घाटाचे स्पीकर आजही बनतात. बंद पेटीचा बास हळू उतरतो, दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबल. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, पेटीचा पोर्टच्या सुराखाली झपाट्याने, सुमारे २४ डेसिबल. भिंत बास आणखी फुगवते, म्हणून तिच्याजवळ ठेवायची वेळ आली तर बंद पेटी सुसह्य वाटते. पोर्ट हवाच असेल तर पुढच्या बाजूचा बघा. मागचा पोर्ट असेल तर पाठीमागे किमान फूटभर जागा सोडता येते का ते मोजून ठेवा, आणि पोर्टमध्ये घालायचा फोमचा बोळा सोबत मिळतो का ते विचारा.

आता बसायची जागा. याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि पैसे वाया जातात ते इथेच. ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला यायला हवा. खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून ३८ इंचांच्या आसपास असतो, पण आपल्याकडे गाणं गादीवर मांडी घालून ऐकायची सवय आहे आणि तिथे तोच कान २८-३० इंचांवर येतो. बाजारात सहज मिळणारं स्टँड २४ इंची असतं. त्यावर ठेवलेल्या पेटीचा ट्वीटर तळापासून नऊ इंचांवर असला तरी एकूण ३३ इंच होतात. मग बैठकीवर बसणाऱ्याच्या डोक्यावरून झांजांची आणि तंबोऱ्याच्या जवारीची धार निघून जाते आणि दोष स्पीकरला लागतो. नेहमीच्या जागी नेहमीसारखे बसा, दुसऱ्या कोणाकडून कानापर्यंतची उंची मोजून घ्या, त्यातून ट्वीटरची उंची वजा करा. राहिलेल्या मापाचं स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं उत्तम. नळी पोकळ असेल तर वाळू भरा, पण ती आधी कढईत कोरडी भाजून; ओल्या वाळूमुळे नळी पावसाळ्यात आतून गंज धरते.

माहितीपत्रकातले तीन आकडे बघा. ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ याच्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटला किती मोठा आवाज येतो तो आकडा, ८५ ते ८८ डेसिबल असली तर सहा फुटांवर ऐकायला चॅनलला ४० ते ५० खऱ्या वॅटचा अँप्लिफायर भरपूर होतो. पीएमपीओच्या (जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॅटच्या) हजारांकडे बघूच नका, आरएमएस (सलग मिळणारे खरे वॅट) विचारा. तिसरा, इंपीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध: चार ओहमचे स्पीकर जुन्या रिसीव्हरला जोडले तर तो तापून बंद पडू शकतो.

अमेरिकेतून मुलगा किंवा भाची येताना आणणार असेल तर आत अँप्लिफायर असलेले, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह स्पीकर मागवण्याआधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचायला सांगा. फक्त ११५ व्होल्ट लिहिलेला जोड आपल्या २३० वर लावला की जळतो. पॅसिव्ह, म्हणजे आत अँप्लिफायर नसलेल्या, जोडाला ही अडचण नाही. वापरलेला जोड घेणार असाल, मग तो जुन्या बाजारातला असो की ओळखीतला, जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावा. फोमची कड चिकट लागली किंवा भुगा झाली तर ती बदलावी लागणार. रबरी कड टिकते. वूफरचा शंकूसारखा पडदा (कोन) दोन्ही अंगठ्यांनी समान, हलकेच आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो. ट्वीटर मात्र मीटरवर कळत नाही, कारण वाटेत कपॅसिटर असतो. त्यासाठी गाणं लावून कान जवळ न्यावा लागतो.

दुकानात जाताना तीन रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर न्या: एक गायन, एक तबला, एक भरगच्च वाद्यवृंद. सगळी पाठ झालेली असावीत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातला आवाज कसोटीला धरू नका, तो मोठ्या स्पीकरांतूनच आलेला असतो. घरगुती बैठकीत माइकशिवाय ऐकलेला गळा आठवा. गायकाचा आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मधे उभा राहतो का? डग्ग्यावरची मींड सलग सरकते, की एखाद्या सुरावर अचानक मोठी होते? ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का? दोन जोडांची तुलना करताना फोनवरच्या मीटरने आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. एका जोडाला किमान अर्धा तास द्या. दोन दिवस घरी लावून बघू देणारा विक्रेता मिळाला तर थोडे जास्त पैसे गेले तरी त्याच्याकडूनच घ्या.

वायर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, घ्या: शुद्ध तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर, दोन्हीकडे सारख्याच लांबीची. तीन मीटरच्या जाण्या-येण्यात तिचा रोध ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे महागड्या केबलवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा स्टँडला लावा. मागे चार टर्मिनल असतील तर मधल्या पितळी पट्ट्या जागेवर आहेत ना बघा. लाल-काळं एका बाजूला उलटलं तर बास नाहीसा होतो आणि आवाज खोलीभर पसरट होतो; शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर वूफर बाहेर यायला हवा.

दहा फुटी भिंतीकडे पाठ करून दोन्ही पेट्या मांडा: तोंड भिंतीपासून दोन फुटांवर, दोघांत साडेपाच फूट, बसायची जागा त्याच भिंतीपासून साडेसात फुटांवर. डोकं मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवायला सांगा. आपल्या जागी बसून जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथे गोधडी टांगा किंवा पुस्तकांचा रॅक ठेवा, आणि समोरच्या गुळगुळीत टाइल्सवर जाड सतरंजी टाका. फोनवरून ३० ते २०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या. स्टीलच्या कपाटाचं दार, स्लायडिंग खिडकीची काच, देवघरातली घंटा, जे खुळखुळेल त्याखाली फेल्टचा तुकडा लावा. ओल येणाऱ्या भिंतीजवळ एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) पेटी फुगते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या मागे हात घालून बघत जा. जागा पक्की झाली की स्टँडच्या चारी कोपऱ्यांना फरशीवर रंगीत टेपचे छोटे तुकडे चिकटवा, कारण रोजच्या केर-फरशीत स्टँड दोन-चार इंच हलतंच.