सॉफ्टवेअर शिकायचंय? एखाद्या पॉडकास्टची पोस्टरं करायला घ्या

डिझाइनच्या पहिल्या वर्षाला असताना मी व्हिडिओ बघून बघून धातूची चमकणारी अक्षरं केली, थेंबात शहर बसवलं, धुरातून घोडा बाहेर काढला. सगळं हुबेहूब. मग एका मैत्रिणीने मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवला. "मागची भिंत तेवढी काढून दे ना, उद्या पॉडकास्टचा भाग टाकायचाय." दोन तास बसले. पाहुण्यांचे केस कापले गेले, एक कान अर्धा उरला, भिंत होती तिथेच होती.

व्हिडिओतल्या माणसाने फोटो स्वतःच्या सोयीचा निवडलेला असतो, हे त्या रात्री कळलं. पुढे वर्षभर त्या मैत्रिणीच्या पॉडकास्टची पोस्टरं मीच केली आणि फोटोशॉप मला आलं ते त्यातच. पॉडकास्टचं काम शिकणाऱ्यासाठी फार सोयीचं असतं. चौकट तीच, लोगो तोच, पण दर भागाला फोटो नवा, नाव नवं, विषय नवा, आणि तारीख चुकवता येत नाही. म्हणजे तेच हत्यार दर आठवड्याला वेगळ्या लाकडावर चालवून बघायला मिळतं.

१. आधी पॉडकास्ट धरा

ओळखीत कोणी पॉडकास्ट करत असेल तर उत्तम. नसेल तर तुम्ही ऐकता त्यातला एक निवडा आणि निव्वळ सरावासाठी त्याची चित्रं करा. ती अधिकृत असल्यासारखी मात्र कुठे टाकू नका. पोर्टफोलिओत ठेवलीत तर "सरावाचं काम" असं स्पष्ट लिहा.

किमान सहा भाग करायचे असं ठरवा. एका भागाने काही होत नाही. पहिल्यात तुम्ही धडपडता, दुसऱ्यात तीच चूक परत करता, तिसऱ्यात ती चूक आहे हे लक्षात येतं.

आणि भाग पूर्ण ऐका, कागद-पेन्सिल घेऊन. ऐकताना थबकायला लावणारं एखादं वाक्य सापडलं तर ते उतरवून ठेवा. पोस्टरवर काय लिहायचं हे त्यातूनच निघतं. न ऐकता केलेलं पोस्टर लगेच ओळखू येतं: त्यावर एक माइक असतो, एक हेडफोन असतो आणि बाकी काहीच नसतं.

२. सॉफ्टवेअर दोनच घ्या

एक पिक्सेलवालं आणि एक व्हेक्टरवालं. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. तो मोठा करत गेलात की ठिपके दिसू लागतात. त्यासाठी फोटोशॉप, किंवा फुकट हवं असेल तर गिंप, नाहीतर ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी. लोगो आणि चिन्हं मात्र रेषांच्या गणितावर उभी असतात, कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. त्यासाठी इलस्ट्रेटर किंवा मोफत मिळणारं इंकस्केप.

कॅनव्हाबद्दल हमखास विचारलं जातं. काम उरकायला ते छानच आहे. पण तयार साचा घेतला की अक्षर कुठे, फोटो केवढा, रंग कोणता हे सगळे निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात, आणि आपल्याला तर तेच शिकायचंय. सहा भाग होईपर्यंत सॉफ्टवेअर बदलू नका, एवढंच पथ्य पाळा.

३. मुखचित्र: ३००० चा चौकोन, नखाएवढं चित्र

सुरुवात पॉडकास्टच्या मुखचित्रापासून करा. ॲपल पॉडकास्ट्सला चौकोनी चित्र लागतं: कमीत कमी १४०० बाय १४०० आणि जास्तीत जास्त ३००० बाय ३००० पिक्सेल, रंग आरजीबी (स्क्रीनची रंगपद्धत), फाइल जेपीईजी किंवा पीएनजी. थेट ३००० ची फाइल उघडा. लहान करणं केव्हाही सोपं असतं. फाइल उघडताना रंगाच्या रकान्यात सीएमवायके असेल तर बदला, ती छपाईची पद्धत आहे.

गंमत अशी की एवढा मोठा चौकोन ऐकणाऱ्याला दिसतो तो मोबाइलच्या यादीत, अंगठ्याच्या नखाएवढा. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र इतकं लहान करून बघा की ते स्क्रीनवर बोटाच्या पेराएवढं दिसेल. नाव वाचता येतंय का? चित्र कशाचं आहे ते कळतंय का? नसेल तर काहीतरी काढून टाका. माझ्या पहिल्या मुखचित्रात सात वस्तू होत्या. शेवटी उरली एक खिडकी.

इथे पेन टूलशी, म्हणजे बिंदू ठेवत रेषा काढायच्या हत्याराशी, गाठ पडते. ते सुरुवातीला छळतं. एक युक्ती: बिंदू जितके कमी, तितकी रेषा गोल आणि स्वच्छ. वर्तुळाला चार बिंदू पुरतात. वळणाच्या टोकांवर बिंदू ठेवा आणि मधलं वळण बिंदूतून निघणाऱ्या दांड्या ओढून घडवा. या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. रेनॉ या मोटारकंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या बाह्यांगासाठी त्या रूढ केल्या. गाडीच्या बॉनेटचा उतार डोळ्यांसमोर आणलात की दांडी किती ओढायची याचा अंदाज येऊ लागतो, निदान मला तरी आला.

४. मराठी अक्षरं बसवताना

इथे जरा थांबा, कारण बरेच व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर शिकवलेले असतात आणि आपली अडचण त्यात येतच नाही.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत नाव टाइप केलंत आणि जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली, तर दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाच्या पॅनेलमधल्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या 'टाइप' विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. फॉन्ट युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरप्रणाली) असू द्या. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे आहेत आणि सुरुवातीला तेवढे पुरतात.

मग तीन गोष्टी जपा. पहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात ते रुबाबदार दिसतं, पण आपली शिरोरेषा त्याने तुकड्या-तुकड्यांनी तुटते. दुसरी, दोन ओळींमधलं अंतर आपोआप येतं त्यावर सोडू नका. वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार आणि खालच्या ओळीतल्या दोन मात्रा एकमेकांत अडकतात. अंतर हाताने वाढवून बघा. तिसरी, अक्षरांना बाहेरून रेघ दिलीत की शिरोरेषेच्या सांध्यांवर उभे ओरखडे उठू शकतात. इलस्ट्रेटरमध्ये रेघ भरलेल्या रंगाच्या खाली सरकवा, ओरखडे झाकले जातात.

५. पाहुण्यांचा फोटो: खोडायचं नाही, झाकायचं

प्रत्येक भागाच्या पोस्टरचा गाभा हाच, आणि शिकायला सर्वांत जास्त मिळतं तेही इथेच. पाहुणे फोटो पाठवतात ते कसे? एकाचा लग्नातल्या गर्दीतून कापलेला, एकाचा ओळखपत्रावरचा, एकाचा अंधाऱ्या खोलीत खालून काढलेला. म्हणून आधी विनंती करा की मूळ फाइल पाठवा. मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जाऊन येतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मागची भिंत काढताना इरेझरला हात लावू नका. मी त्या रात्री तेच केलं होतं. खोडलेलं पिक्सेल फाइल बंद केली की परत येत नाही. त्याऐवजी लेयर मास्क लावा. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा, आणि मास्क म्हणजे त्यातल्या एका कागदावरचं झाकण. मास्कवर काळा रंग लावला की चित्र झाकलं जातं, पांढरा लावला की परत दिसतं, राखाडी लावला की अर्धवट. कान गेला? पांढरा ब्रश घ्या, कान परत आला. सॉफ्टवेअर आपोआप निवड करून देतं ती वापरा, पण केसांच्या कडा नंतर मऊ ब्रशने स्वतः नीट करा. ब्रश शंभर टक्के जोरात चालवू नका. वीस-तीस टक्क्यांवर ठेवून हळूहळू झाका. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीची माणसं एकाच सपाट चित्रावर काम करत होती, हे आठवलं की मास्कबद्दलची कुरकूर थांबते.

आता खरा प्रश्न: पिवळट उजेडातला एक फोटो, निळसर उजेडातला दुसरा, दोन्ही एकाच मालिकेतले कसे वाटावेत? प्रत्येकाचा रंग स्वतंत्रपणे सुधारत बसलात तर रात्र जाते. सोपा मार्ग म्हणजे ग्रेडियंट मॅप. फोटोतल्या काळोख्या भागाला एक रंग, उजळ भागाला दुसरा. गडद जांभळा आणि फिकट पिवळा, असे दोनच रंग मालिकेसाठी ठरवून टाका. लग्नातला फोटो आणि ओळखपत्रावरचा फोटो एकाच घरातले दिसू लागतात. ते लावण्याआधी लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज ही उजेड कमी-जास्त करायची साधनं वापरून चेहऱ्याचा उजेड-अंधार ठीक करून घ्या, नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन जांभळे डाग दिसतील. हे सगळं ॲडजस्टमेंट लेयरने, म्हणजे फोटोच्या वर ठेवलेल्या वेगळ्या लेयरने करा, थेट फोटोवर नको.

फोटोवर अक्षरं ठेवताना पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्यातला फरक डोळ्यांवर सोडू नका, मोजा. वेबवरच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असं प्रमाण सांगितलंय. ते मोजणारी साधनं फुकट मिळतात.

६. एकच पोस्टर, तीन आकार

उभी पोस्ट १०८० बाय १३५०, स्टोरी १०८० बाय १९२०, यूट्यूबचं थंबनेल १२८० बाय ७२०. पोस्टर ताणून या आकारांत बसवता येत नाही. प्रत्येक आकारात घटक पुन्हा मांडावे लागतात आणि रचना म्हणजे काय ते तिथेच उमगतं. आर्टबोर्ड (फाइलीतली वेगवेगळ्या आकारांची पानं) वापरून तिन्ही एकाच फाइलीत शेजारी-शेजारी ठेवा.

स्टोरीत वरचे आणि खालचे सुमारे २५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे ॲपची बटणं येतात. मी एकदा भागाची तारीख बरोबर तिथेच छापली होती. थंबनेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. भागाचा क्रमांक तिथे ठेवू नका.

७. तिसऱ्या भागानंतर साचा

आधी नको. पहिले तीन भाग कोऱ्या पानावरून करा, म्हणजे दरवेळी काय तेच राहतं आणि काय बदलतं हे हाताला कळतं. मग साचा बांधा. लेयरना नावं द्या. "लेयर ४७ कॉपी २" असं काही पुढच्या आठवड्यात तुम्हालाच ओळखू येणार नाही. पाहुण्यांचा फोटो स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे आतला फोटो बदलता येईल अशा डबीत ठेवा. आतला फोटो बदलला की त्यावरचे रंग तसेच राहतात, मास्क तेवढा नव्याने करायचा. नाव आणि विषय हे लेयर टाइप केलेल्या स्वरूपातच ठेवा.

घड्याळ लावून काम करा. मला पहिल्या पोस्टरला सहा तास लागले होते, साचा झाल्यावर पाऊण तास. उरलेल्या वेळात दर भागाला एकच नवीन गोष्ट शिकायची: या वेळी ब्लेंडिंग मोड (दोन लेयर एकमेकांत मिसळायच्या पद्धती), पुढच्या वेळी ब्रश, मग ग्रिड (मांडणीसाठीची रेघांची जाळी). ती त्या पोस्टरला हवी असेल तरच वापरा. नको असेल तर शिका आणि लेयर बंद करून ठेवा.

८. फाइल पाठवताना

फोटो असेल तर जेपीईजी, सपाट रंग आणि अक्षरं असतील किंवा मागचा भाग पारदर्शक हवा असेल तर पीएनजी. एक्स्पोर्ट करताना रंग एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगमापात) बदलून घ्या, नाहीतर मोबाइलवर जांभळा विझलेला दिसतो. मूळ लेयरवाली फाइल वेगळी ठेवा. चौथ्या भागाला मी सगळे लेयर एकत्र करून तीच फाइल सेव्ह केली, आणि तासाभराने मैत्रिणीचा फोन: आडनावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. पूर्ण पोस्टर नव्याने करावं लागलं.

तेव्हापासून पाहुण्यांचं नाव मी टाइप करत नाही. त्यांनाच लिहून पाठवायला सांगते, जसं छापलेलं त्यांना आवडेल तसं, आणि तेच उचलून चिकटवते. पोस्टर बाहेर जाण्याआधी मोबाइलवर उघडायचं, हात लांब धरून बघायचं, मग त्या मेसेजमधलं नाव आणि पोस्टरवरचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून ताडायचं. यात दोन मिनिटं जातात.