ढगाळ दिवशी खिडकीतल्या मांजराचा फोटो
आभाळ भरून आलं की खिडकीतलं मांजर फोटोत एकतर नुसतं काळं दिसतं, नाहीतर हललेलं येतं.

खिडकीसमोर उभं राहू नका. भिंतीला खेटून, खिडकी आपल्या एका बाजूला येईल असं बसा, मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर. खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर अर्धं मांजर पिवळट येतं. फोनवर डोळ्यावर बोट टेकवून फोकस धरा, मग उजेड जुळवा: काळ्या मांजराला थोडा कमी, पांढऱ्याला थोडा जास्त. कॅमेऱ्यात शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको; आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० झाला तरी चालेल. फोटो दाणेदार आला तर खपतो, मिशा हललेल्या खपत नाहीत.

कान टवकारायला कागद चुरगाळा, पण एकदाच. दुसऱ्यांदा ते ढुंकूनही बघत नाही.

फ्लॅश मात्र अजिबात नको. डोळे चकाकतात आणि मांजर बिचकून उठून जातं.