लेहच्या थंडीत मोबाइल बंद पडतो तेव्हा

जळगावच्या उन्हात फोन तापतो, जानेवारीत लेहला उलटं होतं. उणे १०-१५ अंशांत ४० टक्के चार्ज असलेला फोनही शांती स्तूपावर दोन फोटोंत बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते.

१. फोन आणि पॉवरबँक स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात. जाकिटाचा बाहेरचा खिसा बिनकामाचा.
२. बंद पडलाच तर दहा-पंधरा मिनिटं काखेत धरा. बहुतेकदा उरलेल्या चार्जवर सुरू होतो.
३. कॅमेरा हॉटेलात नेण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सवर दव धरतं. केळीच्या वेफर्सची पिशवी नको, तेलकट असते.

गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, बॅटरी कायमची बिघडू शकते.