तिसऱ्या जागेवरचा फॉस्फेट: बेळगाव भागातून पीआय-थ्री-कायनेझ शिकणाऱ्यांसाठी

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमातून दहावी, मग पीयूसी सायन्स आणि पुढे बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री असा रस्ता धरलेल्या मुलांची सेल सिग्नलिंगशी (बाहेरचा निरोप पेशीच्या आत कसा पोहोचतो त्याच्याशी) ओळख बाणांच्या आकृतीतून होते. आकृती पाठ होते, पेपर सुटतो आणि पहिल्या वेस्टर्न ब्लॉटपाशी (जेलवर वेगळी केलेली प्रोटीन अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीपाशी) गाडी अडते. म्हणून आकृतीऐवजी एक प्रश्न हाताशी ठेवा: पेशीपटलातल्या लिपिडवर असलेल्या इनोसिटॉलच्या कड्यावर तिसऱ्या जागी फॉस्फेट कोणी लावला, आणि तो काढतंय कोण? लावणारा एन्झाइम म्हणजेच पीआय-थ्री-कायनेझ, थोडक्यात पीआय-थ्री-के.

आधी कागदावर कडं काढा. पहिल्या जागेने ते ग्लिसरॉलच्या बाजूला जोडलेलं असतं. पेशीत फॉस्फेट लागतो तो ३, ४ आणि ५ या जागांवर. तिन्ही जागा रिकाम्या असतील तर ते साधं पीआय, म्हणजे फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल. उरलेल्या जोडण्या मोजल्या की सात येतात, आणि हेच सात फॉस्फोइनोसिटाइड. ही सात चित्रं स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इन्सुलिन किंवा वाढीचा घटक रिसेप्टरला लागला की पीआय-थ्री-कायनेझला आवरून धरणाऱ्या पी८५ या भागाची पकड सैल होते आणि पी११० हा त्याचा काम करणारा भाग ४,५-पीआयपी२ला (चौथ्या-पाचव्या जागी फॉस्फेट असलेल्या पीआयला) तिसऱ्या जागी फॉस्फेट लावून पीआयपी३ बनवतो. एकेटी हा निरोप पुढे नेणारा कायनेझ आपल्या पीएच डोमेनने (लिपिडला धरणाऱ्या भागाने) त्याला चिकटून पेशीपटलापाशी येतो. तिथे पीडीके१ आणि एमटॉर कॉम्प्लेक्स २ हे आणखी दोन कायनेझ त्याच्या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतात: पहिला थ्रिओनिन ३०८वर, दुसरा सेरीन ४७३वर. लिपिडवरचा फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांपैकी पीटेन तिसऱ्या जागेचा काढतो, शिप पाचव्या जागेचा. शिपने बनवलेल्या ३,४-पीआयपी२वरही एकेटी टिकून राहतो. त्यामुळे ‘दोघेही सिग्नल बंद करतात’ असं तोंडी परीक्षेत सांगितलं तर परीक्षक तिथेच थांबवतील. व्हीपीएस३४ हा दुसऱ्या प्रकारचा पीआय-थ्री-कायनेझ नुसत्या पीआयला तिसऱ्या जागी फॉस्फेट लावतो, आणि त्याचं काम एंडोसोम (पेशीने आत घेतलेल्या मालाच्या पिशव्या) आणि ऑटोफॅजीचं (पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याचं).

आजारही याच प्रश्नाने उलगडतात. हार्मोन रिसेप्टर असलेल्या, हर२ हा रिसेप्टर नसलेल्या स्तनाच्या कॅन्सरपैकी सुमारे ४० टक्क्यांत पी११०-अल्फाचा (पी११०च्या अल्फा प्रकाराचा) जनुक पीआयके३सीए बदललेला असतो. ई५४२के, ई५४५के आणि एच१०४७आर हे नेहमी भेटणारे बदल (अक्षरं अमिनो आम्लांची, आकडा जागेचा). इथे फॉस्फेट लावणाराच सैल सुटलेला असतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरात पुष्कळदा उलट घडतं, म्हणजे काढणारा पीटेनच गायब असतो. पांढऱ्या पेशींतला पी११०-डेल्टा जन्मतः अतिसक्रिय असेल तर एपीडीएस हा आजार होतो: लहानपणापासून छातीचे संसर्ग, सुजलेल्या गाठी. त्याचं वर्णन २०१३ साली झालं आणि त्यावरच्या लेनिओलिसिब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली.

पी११०-अल्फाला रोखणारं अल्पेलिसिब हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं. त्याने रुग्णाची शुगर वाढते, कारण इन्सुलिनचा निरोप यकृतात आणि स्नायूंत पोहोचवणारा कायनेझही अल्फाच. शुगर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन गाठीतला तोच मार्ग पुन्हा चेतवू शकतं. औषधाचा परिणाम आणि दुष्परिणाम एकाच जागेतून कसे निघतात हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. मुलाखतीत ते नीट मांडता आलं पाहिजे.

आता प्रयोग. पेशी निवडण्याआधी तिचा जनुकीय इतिहास वाचा. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींपैकी एमसीएफ-७मध्ये ई५४५के आहे, टी४७डीमध्ये एच१०४७आर, पीसी-३मध्ये पीटेन नाही. अशा पेशी रात्रभर सीरमशिवाय, म्हणजे उपाशी, ठेवल्या तरी फॉस्फो-एकेटी (फॉस्फेट लागलेला एकेटी) थोडा दिसतोच, आणि नवखा विद्यार्थी अँटिबॉडीला दोष देत बसतो. एमसीएफ-१०ए तुलनेने साधी, पण तिच्या नेहमीच्या माध्यमातच इन्सुलिन आणि ईजीएफ (एक वाढीचा घटक) असतात. उपाशी ठेवण्याच्या माध्यमातून तेही वगळायला हवेत.

पेशी १६ ते १८ तास उपाशी ठेवा, इनहिबिटर (कायनेझ रोखणारं औषध) ३० ते ६० मिनिटं आधी द्या, मग १०० नॅनोमोलर इन्सुलिन घालून ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना थांबवा. सिग्नल मिनिटांत चढतो, त्यामुळे एकच वेळ घेतलेला ब्लॉट फारसं काही सांगत नाही. थांबवणं म्हणजे प्लेट थेट बर्फावर, थंडगार पीबीएसने (खारट बफरने) धुणं आणि लगेच पेशी फोडणारं लायसिस बफर. त्यात १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवंच, नाहीतर नळीतले फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारे एन्झाइम) तुमचा निकाल खाऊन टाकतात. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही. पीएच १०ला आणल्यावर द्रावण पिवळं दिसतं, ते रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पुन्हा पीएच १०, आणि रंगहीन राहीपर्यंत हेच पुन्हा. पिवळं तसंच वापरलं तर बँड फिका येतो आणि कारण सापडत नाही. ईडीटीए आणि डीटीटीनेही व्हॅनाडेट निकामी होतं.

जेलच्या प्रत्येक लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन पुरतं. एकेटी ६० किलोडाल्टनजवळ दिसेल. ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकणं) दुधाने नको, टीबीएसटी बफरमधल्या ५ टक्के बीएसए या अल्ब्युमिनने करा, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. एकूण एकेटी दाखवल्याशिवाय फॉस्फो-एकेटीचा बँड कोणाला दाखवू नका. ३०८ आणि ४७३ दोन्ही बघा, एकट्या ४७३वरून पीआय-थ्री-केबद्दल निष्कर्ष काढणं धोक्याचं.

इनहिबिटरपैकी वोर्टमॅनिन १०० नॅनोमोलरला चालतं, पण माध्यमात ते लवकर निकामी होतं, लांब प्रयोगाला उपयोगी नाही. एलवाय२९४००२ एमटॉर आणि सीके२ या इतर कायनेझांनाही धरतं. म्हणून शक्य असेल तिथे एका आयसोफॉर्मपुरतंच (अल्फा किंवा डेल्टा अशा एकाच प्रकारापुरतं) काम करणारं औषध घ्या. औषध विरघळवायचं डीएमएसओ सगळ्या वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांत) सारखं, ०.१ टक्क्याच्या वर नको. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ते पाणी शोषतं, तेव्हा एकदाच उघडून छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. आणि अँटिबॉडी मागवताना पार्सल सोमवारी निघेल असं ठरवून घ्या, नाहीतर शनिवार-रविवार ते कुरिअरच्या गोदामात पडून राहतं.

बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे बेसिक सायन्स रिसर्च सेंटर आहे. तिथे पेशीसंवर्धनाचं प्रत्यक्ष काम शिकायला मिळतं का, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षातच विचारा. फॉस्फोइनोसिटाइडवरच काम करायचं असेल तर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेकडे बघा, तिथे फळमाशीच्या डोळ्यावर या लिपिडचं फार बारीक काम चालतं. एमएस्सीसाठी जॅम बायोटेक्नॉलॉजी आणि गॅट-बी, पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट या परीक्षा द्याव्या लागतात. महाराष्ट्रात अर्ज करणाऱ्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांना काही सवलती आहेत. त्या तुमच्या अभ्यासक्रमाला लागू आहेत का, ते त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेत तपासा आणि गावाचा दाखला आधीच काढून ठेवा. लॅबला ईमेल करताना मार्कशीटआधी दोन ओळी लिहा: त्यांच्या कोणत्या शोधनिबंधातली कोणती आकृती वाचली, आणि त्यात तुम्हाला कोणता कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) बघायचा होता.