‘समजलं का?’ विचारणं बंद करा, आणि प्रश्न विचारून गप्प राहायला शिका

शिकवून झालं की आपण विचारतो, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ बाई." या "हो"वर विसंबून मी नोकरीची पहिली आठ-नऊ वर्षं काढली, आणि दरवेळी चाचणीचे पेपर तपासायला बसले की डोक्याला हात लावायची पाळी, कारण ज्यांनी बेंबीच्या देठापासून "हो" म्हटलेलं असायचं त्यांचीच गणितं चुकलेली असायची. पोरं खोटं बोलत नसतात. बाई फळ्यावर सोडवत असतात तेव्हा बघणाऱ्याला सगळं सोपंच वाटतं, स्वतः पेन्सिल हातात धरली की मग कळतं कुठं अडतंय ते.

तर वर्गातल्या एकूण एक पोराला डोकं चालवावंच लागेल, आणि कोणाचं कुठं अडलंय ते त्याच तासाला आपल्याला दिसेल, असा प्रश्न कसा विचारायचा एवढंच इथं सांगते. मी करवीर तालुक्यातल्या एका गावात पाचवीला शिकवते, वर्गात ३४ पोरं, नोकरीला २२ वर्षं झाली. प्रशिक्षणात सांगतात वातावरण आनंददायी ठेवा, मुलांना बोलतं करा, पण बोलतं करायचं म्हणजे दुपारच्या जेवणानंतर पेंगुळलेल्या वर्गात उभं राहून नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही. डिजिटल बोर्ड आहे, व्हिडिओ आहेत, मी पण दाखवते, पण व्हिडिओ बघणारं पोर विचार करतंय का नुसतं बघतंय हे त्यातून समजत नाही.

सामान काही नाही. प्रत्येकाकडे पाटी, पेन्सिल आणि ओल्या फडक्याचा तुकडा, नाहीतर थुंकी लावून पुसतात. पाटी पहिली-दुसरीची असते, आम्ही आता मोठे झालो असं पाचवीची पोरं पहिले दोन दिवस म्हणतील, तिसऱ्या दिवशी स्वतःच काढून बसतील. शिवाय एका डब्यात आईस्क्रीमच्या कांड्या, प्रत्येक कांडीवर एक हजेरी क्रमांक.

आदल्या दिवशी प्रश्न ठरवा

वर्गात उभ्याउभ्या सुचलेला प्रश्न बहुतेक वेळा "हे किती? ते काय?" एवढाच असतो. घरी दहा मिनिटं बसा आणि असा प्रश्न काढा की चुकीचं उत्तर आलं तरी पोराच्या डोक्यात काय चाललंय ते त्यातून दिसेल. अपूर्णांकांचंच घ्या. "१/३ मोठा की १/४?" हा वाईट प्रश्न, दोनच पर्याय, अर्ध्या पोरांचं अंदाजानंच बरोबर येतं. त्यापेक्षा "१/३, १/२, १/४ लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा" म्हणा. जी पोरं १/२, १/३, १/४ लिहितील त्यांना छेदातला आकडाच दिसतोय, तुकडा दिसत नाहीये.

मग आपण "छेद मोठा तो अपूर्णांक लहान" असं पाठ करून घेतो आणि खूश होतो, आणि इथंच खरा घोटाळा होतो. दुसऱ्या दिवशी विचारा, "२/३ मोठा की ३/४?" पाठ केलेली पोरं २/३ लिहितात, कारण ४ पेक्षा ३ लहान. आणि ३/४ लिहिणाऱ्यांवर पण लगेच विश्वास टाकू नका, "३ न् ४ दोन्ही आकडे मोठे म्हणून" असं लिहिणारी त्यात हमखास सापडतात. इथं पर्याय दोनच आहेत, म्हणून "का" विचारल्याशिवाय या प्रश्नाला काही अर्थ नाही. २/३ ला पूर्ण व्हायला १/३ कमी पडतोय, ३/४ ला १/४ च कमी पडतोय, म्हणजे ३/४ मोठा, हे ज्या पोरानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं त्याला समजलं असं धरा.

प्रश्न आधी, नाव नंतर

"अमुक तमुक, तू सांग, १/३ मोठा की..." असं नाव आधी घेतलं की बाकीच्या ३३ जणांची सुटी. प्रश्न आधी, मग थांबायचं, मग कांडी काढायची. हात वर करायला लावायचे नाहीत आणि सामूहिक उत्तर अजिबात नाही.

थांबणं (इथंच सगळे चुकतात, मी तर वर्षानुवर्षं चुकले)

प्रश्न विचारल्यावर गप्प राहायचं, बस. ऐकायला काहीच वाटत नाही, करायला मला दोन वर्षं लागली.

मला वाटायचं मी थांबते. एकदा खात्री करायची म्हणून मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवला आणि रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकत बसले, तर माझा प्रश्न संपतोय न संपतोय तोवर माझंच "अगं सोपंय, काल केलं की आपण" सुरू, त्यावर कोणी बोललं नाही की लगेच अर्धं उत्तर मीच देतेय, "एक छेद... एक छेद किती? ती..." आणि वर्ग म्हणतोय "तीऽऽन." पस्तीस मिनिटांच्या तासात पोरांनी स्वतः विचार करून उच्चारलेलं एक वाक्य नव्हतं. भांडी तशीच ठेवली आणि पहिल्यापासून परत ऐकलं. तुम्ही पण एकदा करा हे, कोणाला ऐकवू नका, पण करा. त्याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही.

नंतर कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी विज्ञानाच्या शेकडो तासांचं टेपरेकॉर्डिंग करून १९७० च्या दशकात हेच मांडलं होतं, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. आणि तेच तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त थांबायला लागले की पोरांची उत्तरं लांब व्हायला लागतात, "येत नाही" कमी होतं, कधी न बोलणारी पोरं बोलतात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला फार लागली. शिक्षक हुशार पोरासाठी जास्त वेळ थांबतात आणि कच्च्या पोरासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ पाहिजे त्याच्याकडनंच आपण तो काढून घेतो. आपल्याला वाटतं बिचाऱ्याला उभं करून कशाला लाजवायचं, पुढं जाऊया. ही माया नव्हे, असं करून आपण त्या पोराला सांगतो की तुझ्याकडनं मला काही अपेक्षा नाही.

तीन सेकंद घड्याळात काहीच नसतात, वर्गात उभं राहिलं की संपता संपत नाहीत. म्हणून डोळ्यांना आणि हातांना काम द्या. मी खडू खाली ठेवते, हात मागं बांधते आणि मागच्या भिंतीवर राजर्षी शाहू महाराजांचा फोटो आहे त्याच्याखालची ओळ मनात वाचते. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं असं लिहिलंय, न घाई करता दोनदा वाचलं की पाच-सहा सेकंद होतात. पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता महाराजांनी, त्या काळात एक रुपया. एवढ्या खटपटीनं पोर वर्गात आणून बसवलं, आणि मला त्याच्यासाठी पाच सेकंद थांबवत नव्हतं, याची फोटोकडं बघताना अजून लाज वाटते.

थांबताना या चुका करू नका, सगळ्या मी केल्यात. प्रश्न परत म्हणू नका, परत म्हटला की पोराचा चालू विचार तुटतो. सूचक शब्द देऊ नका. हुशार पोरीकडं बघू नका, आपण बघितलं की वर्गाला कळतं आता ती सांगणार. "लवकर लवकर" तर कधीच नको. पहिला आठवडा पोरं एकमेकांकडं बघून खुदूखुदू हसतील, "बाई सांगा की" म्हणतील, त्यांना सवयच नसते. दुसऱ्या आठवड्यात हसू थांबतं. माझा वर्ग बघायला आलेल्या एका साहेबांनी अशा शांततेत स्वतःच उत्तर सांगून टाकलं आणि वर्ग ढिला पडलाय असा शेरा मारला. मारू देत. पोरं विचार करतायत म्हणून ती शांतता असते, त्यासाठी शेरा खायची माझी तयारी आहे.

आणि थांबायचं दोनदा असतं, हे फार कमी जणांना माहीत आहे. एकदा प्रश्नानंतर आणि एकदा पोराच्या उत्तरानंतर. पोर बोललं की लगेच "शाब्बास!" किंवा "चूक, बस खाली" म्हणायचं नाही. दोन्हीनं विचार तिथंच संपतो, शाब्बासकीनं सुद्धा. दोन-तीन सेकंद नुसतं त्याच्याकडं बघत राहा, पोर आपणहून "कारण..." म्हणून पुढं बोलतं.

तीनेक वर्षांपूर्वी हंगामात बीडकडनं ऊसतोडीला आलेल्या टोळीतली एक मुलगी माझ्या वर्गात बसायची, दोन महिन्यांत "हजर बाई" सोडून शब्द नाही. कांडी काढली, तिचा नंबर आला. १/३ मोठा की १/४. उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी फोटोखालची ओळ वाचली, परत वाचली, तिसऱ्यांदा वाचायला लागले. मागनं एक पोरगं कुजबुजलं, त्याला नुसता हात दाखवला. मग ती म्हणाली, "तीन." मी गप्प. परत तेवढाच वेळ गेला. आणि मग म्हणाली, "एक हंडा तीन कोप्यांत वाटला तं जास्त येतंय, चार कोप्यांत वाटला तं कमी." कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी. इतकी वर्षं मी भाकरीचे तुकडे न् कागदाच्या घड्या करत होते. त्या दिवसापासून माझा वर्ग अपूर्णांक हंड्यावरच शिकतो. पहिल्या "तीन"ला मी "बरोबर, बस" म्हटलं असतं तर हंडा तिच्याजवळच राहिला असता.

यातच एक सांगते. उत्तर देताना पोराची भाषा सुधारू नका. आमच्याकडच्या पोरी "मी आलो, मी गेलो" म्हणतात, कोल्हापुरात बायका असंच बोलतात, आणि नवीन शिक्षक उत्तर बाजूला ठेवून "आलो नाही, आले म्हण" करत बसतात. पोरगी बसते ती परत उठत नाही. भाषेच्या तासाला भाषा बघा.

पाट्या वर

लिहून झालं की पाटी छातीला उलटी धरायची, मी "वर" म्हटलं की सगळ्यांनी एकदम. एकदम म्हणजे एकदम, नाहीतर शेजाऱ्याची बघून लिहितात.

चुकलेल्या पाट्यांचं काय करायचं

साधारण तीन चतुर्थांश पाट्या बरोबर असतील तर मी पुढं जाते आणि राहिलेल्यांना मधल्या सुटीआधी पाच मिनिटं जवळ घेऊन बसते. त्याहून कमी असतील तर पुढं जाणं म्हणजे फसवणूक, पाठ्यक्रम मागं राहिला तरी चालेल. पण तेच परत मोठ्या आवाजात शिकवू नका, पहिल्यांदा बहिरेपणामुळं चुकलं नव्हतं. वेगवेगळी उत्तरं असलेल्या दोन पाट्या घ्या, नाव न सांगता फळ्याच्या कट्ट्यावर ठेवा, "असं लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?" असं विचारा आणि शेजारच्याशी दोन मिनिटं बोलू द्या. मग पाट्या पुसून तोच प्रश्न परत. चुकीच्या पाटीवर कोणी हसलं तर तास तिथंच थांबवा. पहिल्यांदा हसलेलं चालवून घेतलं तर पुढचं वर्षभर पोरं कोरी पाटी दाखवतील.

उद्या परत, आणि आठवड्यानं परत

आज जमलं म्हणजे टिकलं असं नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, काहींना उतारा परत वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढं होते, आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणून "धडा दहा वेळा वाचून या" हा गृहपाठ मी बंद केला. रोज तास सुरू होताना तीन प्रश्न, एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला, वह्या बंद, पाटीवर. मार्क नाहीत, नोंद नाही, सहा-सात मिनिटांत संपतं. प्रश्न मी जुन्या डायरीत तारीख टाकून लिहून ठेवते, म्हणजे गेल्या महिन्यातला शोधायला वेळ जात नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी प्रश्न पोरं काढतात, आणि विचारून झाल्यावर फोटोकडं बघत हात मागं बांधून उभी राहतात.