फक्का आहे का? प्रवासापुरती अरबी, रोज पंधरा मिनिटं

बत्तीस वर्षं मी बँकेत कॅश काउंटरवर बसले. त्यामुळे असेल, पण इजिप्तला जायचं ठरल्यावर मला आधी शिकावेसे वाटले ते अरबी आकडे. धाकटी जाऊ बरोबर येणार होती. ती म्हणाली, "ताई, आधी नमस्कार-चमत्कार तरी शिकूया की!" मी ऐकलं नाही. नमस्कार चुकला तर समोरचा हसून सोडून देतो, आकडा चुकला की पैसे जातात. दहा दिवस कैरो, लक्सर, अस्वान करून आले तरी माझं मत तेच आहे.

तयारीला आमच्याकडे बारा आठवडे होते आणि त्यातले पहिले तीन मी वाया घालवले. फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं, त्यावर 'घर मोठं आहे', 'उंट सुंदर आहे' असं रोज घोकत होते. ती होती फुसहा, म्हणजे बातम्यांची, पुस्तकांची अरबी. कैरोच्या रस्त्यावर बोलतात ती आम्मिय्या. 'मला हवंय' याला फुसहात 'उरीदु' म्हणतात, तर कैरोत बाई म्हणते 'आयझा' आणि पुरुष 'आयझ'. 'उरीदु' म्हटलेलं सगळ्यांना कळतं, पण ते चहाच्या टपरीवर 'मी चहा प्राशन करू इच्छिते' म्हटल्यासारखं होतं. खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते, कारण समोरचा उत्तर देतो ते आम्मिय्यात, आणि आपण नुसते बघत राहतो.

म्हणून आधी कुठे जायचंय ते पक्कं करा आणि तिथलीच बोली धरा. 'केवढ्याला?' हे कैरोत 'बिकाम', जॉर्डनमध्ये 'अद्देश', मोरोक्कोत 'बिश्हाल'. 'कुठे' हे इजिप्तमध्ये 'फेन', जॉर्डनमध्ये आणि आखातात 'वेन'. अनेक देश फिरणार असाल, तर इजिप्तची बोली घ्या. तिथले सिनेमे आणि मालिका सगळीकडे पाहिल्या जात असल्यामुळे ती बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. पाट्या मात्र सगळीकडे फुसहातच असतात. माझी वाटणी अशी होती: डोळ्यांना फुसहा, कानाला आणि तोंडाला आम्मिय्या.

आता पंधरा मिनिटं. त्यांचे तीन सारखे तुकडे करू नका. सात मिनिटं आकडे, पाच मिनिटं सवाल-जवाब, तीन मिनिटं अक्षरं.

आकड्यांना एवढा वेळ का, तर एक ते दहा म्हणता म्हणता अरबीतले अवघड उच्चारही होऊन जातात. वाहिद, इत्नेन, तलाता, अर्बआ, खमसा, सित्ता, सबआ, तमन्या, तिसआ, अशरा. 'वाहिद'मधला 'ह' चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा काढायचा. चार, सात, नऊ आणि दहा यांत 'ऐन' नावाचं अक्षर येतं. 'अ' म्हणतानाच घसा आतून आवळला की ते जमतं. पहिला आठवडा घशात काही अडकल्यासारखं वाटेल आणि घरातले पाणी आणून देतील, चालू ठेवा.

वीसच्या पुढे मराठी माणसाला फार सोपं आहे. इंग्रजीत वीस आधी आणि पाच मागून. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी. अरबीतही 'खमसा व इशरीन', पाच आणि वीस. वेळ सांगायची पद्धत तर आपलीच वाटते. 'खमसा व रुब्अ' म्हणजे सव्वापाच, 'खमसा व नुस्स' म्हणजे साडेपाच आणि 'सित्ता इल्ला रुब्अ', सहाला पाव कमी, म्हणजे पावणेसहा. हे कळलं त्या दिवशी मी जावेला मुद्दाम फोन करून सांगितलं.

पण म्हणता येणं वेगळं आणि ऐकून कळणं वेगळं. कानाला फसवणाऱ्या जोड्या या: तलत्ताशर तेरा आणि तलातीन तीस, खमस्ताशर पंधरा आणि खमसीन पन्नास, सबईन सत्तर आणि तिसईन नव्वद. शेवटची जोडी सगळ्यात वाईट. माझा सराव असा असे. आज रात्री वीस आकडे उलटसुलट क्रमाने फोनमध्ये बोलून ठेवायचे, उद्या सकाळी ते ऐकून कागदावर लिहायचे आणि मग चुका मोजायच्या. दोन आठवड्यांनी स्वतःच्या आवाजाची सवय होते आणि चुका थांबतात, तेव्हा फसू नका, दुसऱ्यांचे आवाज घ्या. मी इजिप्तच्या बायकांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ लावत असे. त्यात 'नुस्स किलो', 'तलाता', 'अर्बआ' सतत येतं आणि कढईत काय पडलं ते दिसत असल्यामुळे उत्तरही लगेच तपासता येतं. बातम्यांच्या वाटेला जाऊ नका, ती पुन्हा फुसहा.

लिहिलेले आकडे हे वेगळंच प्रकरण. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. चार पाहून आपल्याला आपला सहा आठवतो आणि त्यांचा सहा इंग्रजी सातासारखा असतो. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा. अक्षरं उजवीकडून डावीकडे जात असली तरी आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. इजिप्तच्या नोटांच्या एका बाजूला हे आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, त्यामुळे नोट उलटून उत्तर पाहता येतं. गाड्यांच्या नंबरप्लेटवर ती सोय नाही. मी कैरोच्या रस्त्यांचे फोटो काढून रोज पाच नंबरप्लेट वाचत असे. तिथे टॅक्सी बोलावल्यावर समोर उभी असलेली गाडी आपलीच आहे का, हे त्यामुळे कळलं.

आता सवाल-जवाब. प्रवासी पुस्तकांत प्रश्नांची लांबलचक यादी असते आणि उत्तर एकाचंही नसतं. 'स्वच्छतागृह कुठे आहे?' हे तुम्ही सुरेख विचाराल, पण पुढे तो 'आला तूल, बाअदेन शिमाल' म्हणाला तर? सरळ जा, मग डावीकडे. म्हणून वहीत प्रश्न एकटा लिहायचा नाही. डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे येऊ शकणारी तीन-चार उत्तरं. 'फेन?'समोर यमीन (उजवीकडे), शिमाल (डावीकडे), आला तूल (सरळ), हिना (इथे). 'फी...?' म्हणजे 'आहे का?', त्याच्यासमोर 'फी' आणि 'मफीश', म्हणजे आहे आणि नाही. नमस्कारसुद्धा जोडीनेच घ्या. 'सबाह इल-खेर' म्हणजे सकाळ भल्याची असो, त्याला उत्तर 'सबाह इन-नूर', सकाळ उजेडाची असो. हे उत्तर आपल्या तोंडून गेलं की लोक खुलतात.

रोज एकच नवी जोडी, त्यापेक्षा जास्त नाही. तीच जोडी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा म्हणायची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तीस मिनिटं करू नका, पंधराच करा आणि नवी जोडी गाळा.

जाऊ दर रविवारी फोनवर दुकानदार व्हायची. तिला एवढंच सांगितलं होतं की मी जे विचारेन त्याचं अपेक्षित उत्तर द्यायचं नाही. ती या कामात फारच तरबेज निघाली. मी 'बिकाम दा?' विचारलं की म्हणायची, "मफीश." एकदा तर मला न येणारे शब्द भराभर बोलून फोनच ठेवून दिला. त्या दिवसापासून तीन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर गेली: 'मिश फाहमा', कळलं नाही (पुरुषाने 'मिश फाहिम' म्हणायचं), 'तानी, मिन फद्लक', पुन्हा सांगा ना (समोर बाई असेल तर 'फद्लिक'), आणि 'बिर्राहा', सावकाश. बोलणाऱ्याप्रमाणे आणि ऐकणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो, याचा आपल्याला बाऊ नको. 'जातो' आणि 'जाते' आपण जन्मापासून करतोय.

ओळखीचे शब्द खूप भेटतील. साबण तिकडे 'साबून', दुकान 'दुक्कान'. जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'इल-हिसाब', आपला हिशोबच. पुरे झालं म्हणायला 'खलास'. यातले काही मात्र वेष बदललेले आहेत. 'गरीब' म्हणजे तिकडे विचित्र किंवा परका. 'फुर्सा' म्हणजे संधी, म्हणून कुणी 'फुर्सा सईदा' म्हणालं तर तो आपल्या फुरसतीची चौकशी करत नाहीये, भेटून आनंद झाला म्हणतोय. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पासपोर्टचा 'बासबोर' होतो. कैरोत घशातून काढायचा 'क' बहुधा गिळतात ('बिकाम'मधला साधा 'क' तसाच राहतो), म्हणून 'कहवा' तिथे 'अहवा', आणि 'ज'चा 'ग' करतात, म्हणून उंट 'गमल'.

ओळखीच्या शब्दानेच मला एकदा तोंडावर पाडलं. लक्सरला जेवायला बसलो होतो. मी पोऱ्याला विचारलं, "फेन इल-हमाम?" त्याने मान डोलावली, मेन्यू उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी हात धुतल्याची खूण केली. तो आणखी खूश झाला आणि आत कुणाला तरी ओरडून काही सांगू लागला. न्हाणीघराला तिकडे 'हम्माम' म्हणतात, दोन 'म'. एका 'म'चा 'हमाम' म्हणजे कबूतर, आणि भात भरून भाजलेलं कबूतर हा तिकडचा आवडीचा पदार्थ. आपल्याकडे 'हमामखाना' ऐकून ऐकून माझ्या जिभेवर एकच 'म' बसला होता. अरबीत जोडाक्षर म्हणजे जोडाक्षर. 'हम्'वर थांबा, मग 'माम' म्हणा.

अक्षरांना तीन मिनिटं पुरतात. एकूण अठ्ठावीस अक्षरं, पण मूळ आकार थोडेच आणि बाकी टिंबांचा खेळ. तोच आकार, खाली एक टिंब तर ब, वर दोन तर त, वर तीन तर थ. आठवड्याला चार अक्षरं केली तर सात आठवड्यांत संपतात. सुटी अक्षरं घोकत बसण्यापेक्षा पाट्यांवरचे शब्द पाहा: दुखूल (आत), खुरूज (बाहेर), ममनूअ (मनाई), रिजाल (पुरुष), सय्यिदात (स्त्रिया). कैरोच्या मेट्रोत मधले काही डबे बायकांचे असतात, तिथे हा शेवटचा शब्द लागतो. आणि तहरीर चौकाखालच्या स्टेशनचं नाव आहे 'सादात'. 'सादात' आणि 'सय्यिदात' लिहिताना फरक एकाच अक्षराचा: 'स'च्या दातांनंतर उभी काठी असेल तर स्टेशन, खाली दोन टिंबं असलेला छोटा दात असेल तर बायकांचा डबा. मी वहीत दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून रोज पाहत असे.

शेवटच्या आठवड्यात नवं काही घेऊ नका. फक्त आकडे, फक्त ऐकणं.

एक शब्द मात्र मी कुठल्याही धड्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी देईन, तो म्हणजे 'फक्का'. सुटे पैसे. मूळ क्रियापदाचा अर्थ सोडवणं, मोकळं करणं. आपण नाही का नोट मोडतो आणि 'मोड आहे का?' विचारतो! इजिप्तमध्ये हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकू येतो आणि 'मफीश फक्का' हे उत्तरही.

अस्वानला घाटाजवळ पाणी घ्यायला गेलो तेव्हा जाऊ पुढे होती. पाणी म्हणजे 'मय्या' आणि शंभर म्हणजे 'मिय्या'. तिने दुकानदाराकडे शंभर मागितले. तो हसून म्हणाला, "इन्ती आयझा मिय्या? अना कमान!" तुला शंभर हवेत? मलाही! मी मागून बाटली दाखवली. किंमत त्याने सांगितली 'खमस्ताशर', आणि जाऊ पन्नासची नोट काढून सरळ त्याच्या हातात द्यायला निघाली. मी तिचा हात धरला. पाकिटात एक दहाची आणि एक पाचची होती, ती मोजून गल्ल्यावर ठेवली. त्याने पन्नासच्या नोटेकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "मआकी फक्का तानी?"

अजून सुटे आहेत का म्हणे. होते, पण मी म्हटलं, "मफीश."